काचेच्या पेटीतला समुद्र

शहरात एखाद्या दवाखान्यात किंवा मोठ्या हॉटेलात काचेची पेटी दिसते. आत खारे पाणी आणि रंगीबेरंगी मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा तर मुलांना फार आवडतो. त्याला क्लाऊनफिश म्हणतात. क्लाऊन म्हणजे विदूषक.

असे मासे घरी ठेवता येतील का? येतील. पण मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी सांभाळायचे. ते कसे, हे आम्ही इथे सांगतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुम्ही म्हणाल, मग घरातले मीठ टाकले की झाले! तसे नाही. आपल्या मिठात मुख्यतः एकच क्षार असतो. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी आणखी पुष्कळ द्रव्ये असतात. म्हणून या कामासाठी वेगळे मीठ दुकानात मिळते. ते मोजून पाण्यात विरघळवतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना विषासारखे असते. ते आधी काढून टाकावे लागते.

आमटी आटली की खारट होते ना? पेटीतही तसेच होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून जेवढे पाणी आटेल तेवढे गोडे पाणी घालायचे. खारे घातले तर खारटपणा वाढत जाईल.

आता मुख्य गोष्ट. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. समुद्र अफाट, तिथे तो विरून जातो. पेटीत तो साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. यावर उपाय निसर्गानेच ठेवला आहे. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. त्याने फारसा अपाय होत नाही. दर आठवड्याला साधारण दहावा भाग पाणी बदलले म्हणजे तेही कमी होते.

जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण दुधाचे दही कोण करते? जंतूच! दही मात्र एका रात्रीत लागते. पेटीतल्या वाळूवर आणि दगडांवर हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासा ठेवू नये. चिमूटभर माशांचे खाणे तेवढे टाकत राहावे. ते कुजते आणि जंतूंना खाद्य मिळते.

पुष्कळ लोक पेटी आणि मासे एकाच दिवशी आणतात. थोड्याच दिवसांत मासे धापा टाकून मरतात. मग दोष दुकानदाराला! पाणी तपासायचे औषध मिळते. थेंब टाकले की रंग बदलतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की एक-दोन मासे आणा. खाणे चिमटीनेच घाला.

पेटीत पोवळेही ठेवावे, असे कुणाला वाटेल. पोवळे हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो इवल्या इवल्या प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न करते आणि पोवळ्याला देते. पाणी फार तापले की पोवळे ते शेवाळ बाहेर टाकते, पांढरे पडते आणि बरेचदा उपासमारीने मरते.

अशी पोवळी आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली पोवळ्यांना संरक्षण मिळाले. वाघाला कायदा आहे, तसाच पोवळ्यालाही आहे. आपल्या समुद्रातले पोवळे तोडणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. नुसती हौस म्हणून तुरुंगाची पाळी कशाला आणायची? शिवाय पोवळी गेली तर त्यांच्या आसऱ्याने वाढणारी मासळीही जाते, कोळ्याची कमाईही जाते.

मग करावे काय? पेटीत मातीचे किंवा चिनी मातीचे दगड ठेवावे. मासेही टाकीत पैदा झालेलेच घ्यावे. क्लाऊनफिशची अशी पैदास केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात करून दाखवली आहे. दुकानात विचारा, "हा मासा टाकीतला की समुद्रातून धरलेला?" टाकीतला असेल तरच घ्या.