जुन्या मोटारींची शुश्रूषा : लेखांक ७
ऑइल कूलर आणि त्याचा बायपास

गेल्या लेखांकात आपण तेलपंपाच्या दातेरी चक्रांपर्यंत येऊन थांबलो होतो. त्या पंपातून दाबाने बाहेर पडलेले तेल बेअरिंगांकडे रवाना होण्यापूर्वी काही मोटारींत एका लहानशा, पापुद्र्यापापुद्र्यांच्या धातुमय पेटीतून जाते आणि तेथे आपली उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करते. कारागीर जिला नुसते ‘कूलर’ म्हणतात ती ही पेटी. आपल्याकडील बहुसंख्य जुन्या गाड्यांस ती नव्हतीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास बांधलेली फियाट अकराशे आणि तिचीच पुढची आवृत्ती जी पद्मिनी, तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पाण्याचा रेडिएटर आणि तळाची तेलकुंडी एवढ्या सामग्रीवर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दशकानुदशके, बिनतक्रार म्हणता येणार नाही पण नेटाने, चालविले. सबब ज्याच्या दारात पद्मिनी उभी आहे त्याने हा लेखांक केवळ ज्ञानार्थ वाचावा.

ज्या गाडीत कूलर हा शरीराचाच अवयव होऊन बसला आहे ती गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल. तिच्यात पाणी नाही, रेडिएटर नाही; डायनॅमोच्या दांड्यावर बसविलेला पंखा पत्र्याच्या आवरणातून वारा ढकलतो आणि तोच चारही सिलिंडरांना निववितो. तेल अवघे अडीच लिटर, फिल्टर म्हणावा तर तळाशी जाळी तेवढी. या तुटपुंज्या तेलाकडे वंगणाचे काम आहेच, शिवाय इंजिनाची बरीचशी उष्णता वाहून नेण्याची जबाबदारीही त्याच्याच शिरावर आहे. चाळीस अंश सेल्सिअसवर तेलाचा जो दाटपणा असतो तो शंभर अंशांवर साधारण दशांशावर येतो. आणि त्यापुढे दर दहा अंशांमागे तेल सुमारे दुप्पट वेगाने कुजते, हा जुना व्यावहारिक आडाखा आजही टिकून आहे. या दोन गोष्टी ध्यानी घेतल्या की पंख्याच्या आवरणातच कूलर उभा करण्याची योजना मूळ अभिकल्पकांनी का केली, याचा खुलासा निराळा करावा लागत नाही.

त्या योजनेत एक खोट मात्र राहून गेली. कूलर वाऱ्याच्या वाटेतच उभा असल्यामुळे त्याच्यामागील तिसऱ्या सिलिंडरास मिळतो तो आधीच तापलेला वारा. जुन्या बीटलच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये या तिसऱ्याची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पाडण्याची तजवीज असे, ती याच कारणास्तव. आणि इतके करूनही एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटण्याचा मान पुष्कळदा त्याच सिलिंडराकडे जाई. कारखान्याने १९७१ सालच्या मॉडेलापासून कूलर त्या वाटेतून बाजूस सरकवून त्यास स्वतंत्र झरोका दिला, तेव्हा कोठे त्या बिचाऱ्यास ताजा वारा मिळू लागला. हे जाणणारे काही मालक जुन्या इंजिनातील कूलर काढूनच टाकावा, असा युक्तिवाद करतात. तिसऱ्या सिलिंडरापुरता तो खरा आहे, परंतु बेअरिंगांची बाजू त्यात ऐकूनच घेतलेली नसते.

या प्रकरणाचे मर्म असे की बायपास ही कल्पना मालकाने वा मिस्त्रीने शोधून काढलेली नाही; ती कारखानदाराने इंजिनात आधीच घालून ठेवली आहे. तेलपंपाजवळ, इंजिनाच्या पोटाखालून, एक मोठा आट्यांचा बूच असतो. त्याच्या आत स्प्रिंगवर टेकलेला एक दट्ट्या आहे. इंजिन थंड असता तेल दाट असते, दाब चढतो, दट्ट्या खाली रेटला जातो आणि तेलास कूलर टाळून थेट बेअरिंगांकडे जाण्याची वाट मोकळी होते. अतिरिक्त तेल कुंडीत परतते. तेल तापून पातळ झाले की दाब उतरतो, दट्ट्या वर चढतो, ती आडवाट बंद होते आणि सारे तेल कूलरमार्गे जाऊ लागते. हा दट्ट्या गाळाने वर अडकून राहिला, तर सकाळच्या थंड, दाट तेलाचा सारा दाब कूलरच्या पातळ पत्र्यावर येतो आणि तो फुटतो. तेव्हा कूलर फुटलेला दिसला की आधी दट्ट्या काढून पाहावा. तो न पाहता नवा कूलर बसविणे म्हणजे पुढील फुटीची तारीख मुक्रर करणे होय. दट्ट्यावर ओरखडे असतील तर तो बदलावा. स्प्रिंगही जुनी झालेली असतेच.

गळती दिसली म्हणजे कूलरच फुटला, असे नव्हे. कूलर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची दोन लहान सीले असतात; उष्णतेने ती लाकडासारखी कडक होतात, तेल झिरपते, पंखा ते सर्वत्र उडवितो आणि इंजिनाची डावी बाजू काळीकुट्ट होते. दुरुस्ती स्वस्त, पण वाट लांबची, कारण पंख्याचे आवरण उचलल्यावाचून कूलरच्या तीन नटांना पाना लागत नाही. बहुतेक मिस्त्री चार बोल्ट सोडून अख्खे इंजिनच खाली घेतात आणि ते शहाणपणाचेच आहे. सीले घेताना इंजिनाचे वर्ष दुकानदारास सांगावे : १९७० पूर्वीच्या इंजिनातील छिद्र आठ मिलिमीटरचे, नंतरचे दहाचे. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा चोरबाजारात जे हाती पडेल ते ‘चालून जाईल’ म्हणून आणू नये.

कूलर खरोखर सच्छिद्र निघाल्यास एक तोंड बुजवून, दुसऱ्यातून हवेचा दाब देऊन, तो पाण्याच्या बादलीत बुडवावा. बुडबुडे कोठून निघतात ते दिसेल. येथे एक इशारा देणे भाग आहे. रेडिएटर झाळणारा कारागीर आपल्या कामात निष्णात असतो, परंतु त्याचे शिसे-कथलाचे झाळकाम एका किलोच्या आतबाहेरच्या दाबासाठी असते. थंड तेलाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. अशा जागी पितळी झाळच हवी, नाहीतर सरळ नवा कूलर. आणि इंजिनाचे एखादे बेअरिंग पूर्वी फुटले असेल, तर दुरुस्तीचा विचारही करू नये. धातूचा कीस कूलरच्या पापुद्र्यांत दडून बसतो, पेट्रोलने कितीही धुतला तरी सगळा निघत नाही, आणि नव्या बेअरिंगांच्या मुळावर येतो.

नवा कूलर येईपर्यंत बायपास करण्यास हरकत नाही, मात्र एका अटीवर : इंजिनावरील दोन्ही छिद्रे नुसती बुजवू नयेत, ती एकमेकांस जोडावी. दोन्ही छिद्रांना सांधणारी, आत खोबण असलेली पट्टी कोणत्याही लेथवर करून मिळते. ज्या विलायती गाड्यांत कूलर पुढच्या जाळीमागे असून दोन होजपाइपांनी जोडलेला असतो, तेथे काम याहून सोपे. होज काढून दोन तोंडे एका छोट्या पाइपाने जोडली की झाले. ऑटोमॅटिक गिअरच्या अमेरिकन गाड्यांत गिअरतेलाचा कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीत लपलेला असतो. तो फुटून पाण्यात गुलाबी फेस दिसू लागला तर मात्र नुसत्या बायपासवर गाडी हाकू नये, वेगळा वायुशीतक बसवावा, कारण गिअरपेटीस उष्णता इंजिनापेक्षाही कमी सोसते.

बायपास केलेली गाडी किती चालवावी, हे ती कोठे जाते यावर ठरते. नाहूरहून भांडुप वा मुलुंडपर्यंत रविवारी सकाळी फिरणाऱ्या बीटलचे तेल पुरते तापतही नाही. त्या अंतरात कूलर असला काय नि नसला काय. परंतु तोच जुना आग्रा रोड, ज्यास आता लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, धरून पुढे ठाण्यावरून वैशाखात कसारा घाट चढू लागावे, तर बायपासचा हिशेब वसूल होण्यास वेळ लागणार नाही. असा प्रवास योजिला असेल तर कूलर पूर्ववत बसविल्यावाचून निघू नये, आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा मंदगतीवर मिचकावू लागल्यास गाडी बाजूस घ्यावी.

शेवटची बाब दफ्तराची. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी नवी कलमे घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकींस ती लागू आहेत. नव्या नोंदणीची फी वीस हजार, नूतनीकरणाची पाच हजार, मुदत दहा वर्षे. त्यांत अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चॅसी, बॉडी वा इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. जोडपट्टीने केलेला बायपास अर्ध्या दिवसात उलटविता येतो, तो फेरफारांत गणला जाऊ नये असे माझे मत आहे. तरी काढलेला कूलर, त्याचे नट आणि जुना दट्ट्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, जपून ठेवावा. इंजिनास भोक पाडून बाहेरचा कूलर कायमचा जोडू पाहणाऱ्या मिस्त्रीस मात्र नम्रपणे नकार द्यावा. पुढील आठवड्यात डायनॅमोचे कार्बन ब्रश.