कण्याचें दुखणें कीं मनाचें?

पाठ दुखत नाहीं असें घर आज शोधून सांपडावयाचें नाहीं. कोणाला पाण्याची बादली उचलतांना उसण भरते, कोणाची कंबर कचेरींत बसून बसून धरते, तर कोणाला सकाळीं अंथरुणावरून हाताचा टेका घेतल्यावांचून उठवत नाहीं. यांपैकीं बहुतेकांचें दुखणें शेक, तेल आणि थोडा धीर एवढ्यावर चारसहा आठवड्यांत पुष्कळसें ओसरतें. परंतु ज्यांचें दुखणें तीन महिने उलटून गेले तरी हटत नाहीं, त्यांची कथा निराळी. सन २०२० मध्यें जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीनें पीडलेले होते, असा रोगांच्या जागतिक मोजणींतील अंदाज आहे. आणि माणसाला कामांतून उठविणाऱ्या विकारांत या एका विकाराचा क्रमांक पहिला लागतो.

अशा जुनाट दुखण्याच्या मनुष्यास दवाखान्यांत आणि घरांत मिळून बहुधा दोनच उत्तरें ऐकावयास मिळतात. छायाचित्रांत कांहीं दिसलें, तर ‘तुमच्या मणक्यांतील गादी सरकली आहे, जपा,’ हें पहिलें. आणि कांहींच दिसलें नाहीं, तर ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं, हे सारे मनाचे खेळ,’ हें दुसरें. पहिल्यानें रोगी भितो, दुसऱ्यानें तो मनांतून खचतो. त्यांतून दुखणेकरी घरची सून असली, तर ‘कामाचा कंटाळा’ हें निदान डॉक्टरावांचूनच ठरून जातें. आणि आपलें दुखणें खरें आहे हें पटविण्यांतच त्या बिचारीची अर्धी शक्ति खर्चीं पडते. गेल्या साठ वर्षांत वेदनेसंबंधानें जें ज्ञान झालें आहे, तें पाहतां हीं दोन्ही उत्तरें अपुरीं ठरतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य वाटतें.

प्रथम छायाचित्राची गोष्ट घेऊं. १९९४ सालीं अमेरिकेंत, ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ लोकांच्या कण्याचीं एम्. आर्. आय्. छायाचित्रें घेण्यांत आलीं. त्यांपैकीं ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणीं मणक्यांमधील गादी फुगलेली आढळली. २७ टक्क्यांत तर ती बाहेर डोकावत होती. सर्वच गाद्या निर्दोष आहेत असे लोक निघाले अवघे ३६ टक्के! पुढें २०१५ सालीं अशा ३३ अभ्यासांचें एकत्र परीक्षण झालें. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ३११० लोकांची ती पाहणी होती. तींत विशींतल्या माणसांपैकीं ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरांतील ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. सारांश, केस पिकावे तशा वयोमानानें गाद्याही झिजतात. त्या झिजेनें कोणाला दुखतें, कोणाला दुखत नाहीं. पायांत उतरणारी कळ, पायाचा बधिरपणा अशीं लक्षणें छायाचित्राशीं जुळलीं, तर तें चित्र मोलाचें ठरतें. पण नुसत्या चित्रावरून ‘माझी पाठ मोडली’ असा ग्रह करून घेणें सर्वस्वीं अनाठायीं होय.

मग दुखतें तें कशानें? देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें सतराव्या शतकांत असें कल्पिलें होतें कीं, दोरीचें एक टोक ओढलें म्हणजे दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसा शरीरास धक्का लागला म्हणजे मेंदूंत वेदना उठते. ही कल्पना इतकी सोपी आहे कीं, आजही आपण सर्वजण मनांत तीच धरून चालतों. परंतु अनुभव तिला साक्ष देत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या रणभूमीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरानें गंभीर जखमी सैनिकांची विचारपूस केली, आणि ती हकीकत १९४६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषधाची गरजच वाटत नव्हती. बीचरनें याचें कारण असें दिलें कीं, सैनिकाला ती जखम म्हणजे मृत्यूच्या तावडींतून सुटका वाटे. याच्या अगदीं उलट गोष्ट १९९५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आली आहे. एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगारानें उडी मारली ती १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर. खिळा जोड्यांतून आरपार वर आला. खिळा किंचित् हलला तरी तो कळवळे, इतकें कीं त्याला गुंगीचें औषध द्यावें लागलें. जोडा काढून पाहतात तों खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, आणि पायाला साधा ओरखडाही नाहीं!

त्या कामगाराची वेदना खोटी होती काय? मुळींच नव्हे. लाजेनें मुख आरक्त होतें, तेव्हां त्या रंगाला कोणी ढोंग म्हणत नाहीं. कारण मनांतील भावाचा तो शरीरांतील खरा परिणाम असतो. वेदनेचेंही तसेंच आहे. रॉनल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मांडलें कीं, मज्जारज्जूंत जणूं एक दार असतें. शरीराकडून येणाऱ्या वार्ता त्यांतून मेंदूकडे जातात. पण मेंदूही खालीं संदेश धाडून तें दार सताड उघडूं शकतो किंवा लोटून घेऊं शकतो. लागलेल्या जागीं आईनें हात फिरविला म्हणजे मुलाचें दुखणें कमी होतें, त्याचाही उलगडा यानें होतो. या उपपत्तीच्या तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मेंदू वेदनेचा केवळ श्रोता नसून तिच्या घडणींत भागीदार आहे, हा तिचा गाभा टिकला आहे. शरीर आणि मन हीं एकमेकांच्या वळणानें जातात, हा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानांतही आलेला आहे. नव्या शास्त्रानें त्यांतील वाटा कशा चालतात हें दाखविलें.

आतां जुनाट दुखण्याकडे वळूं. वेदनेचा हेतु आपणांस सावध करणें हा असतो. धोका फार दिवस वाटत राहिला, तर मज्जातंतूंना सावधपणाची संवयच जडते. चोरी झालेल्या घरांतील माणसें पुढें मांजराच्या पावलानेंही दचकून उठतात, तशी ही स्थिति. वाकणें, वळणें, खालीं बसणें यांसारख्या निरुपद्रवी हालचालींनाही मेंदू धोक्याची खूण समजूं लागतो. २०१३ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, पाठदुखी ताजी असतांना मेंदूंतील जे भाग जागृत असतात, त्यांऐवजीं ती जुनी झाल्यावर भावनांशीं निगडित असलेले भाग अधिक जागृत होतात. यामुळेंच भीति, चिंता, दुःख आणि जागरण यांनीं जुनें दुखणें भडकतें.

यांत भीति ही सर्वांत घातक. ‘वाकलें तर गादी आणखी सरकेल,’ या भीतीनें मनुष्य वाकणें सोडतो. न वाकल्यानें पाठ आंखडते, स्नायू दुबळे होतात. मग थोडें वाकलें तरी दुखतें, आणि ‘माझें भय खरेंच होतें’ अशी त्याची खात्री पटते. असें हें चक्र आहे. मनाच्या समाधानाचाही येथें संबंध पोंचतो. अमेरिकेंतील बोइंग या विमानांच्या कारखान्यांतील ३०२० कामगारांची पाहणी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या कामांत ज्यांना आनंद क्वचितच वाटे, त्यांनीं पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचें प्रमाण, कामांत रमणाऱ्यांच्या अडीच पट होतें. घरकामाविषयीं अशी मोजणी झाली असो वा नसो, जिच्या कामाची कोणी दखलही घेत नाहीं, तिची पाठ लवकर कां बरी होत नाहीं, याचा विचार सुज्ञ कुटुंबांनीं करावा.

उपायांविषयीं सांगावयाचें तर पहिली गोष्ट ही कीं, अंथरुण हें पाठीचें औषध नव्हे. १९९५ सालीं हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांवर झालेल्या प्रयोगांत दोन दिवस निजून राहिलेल्यांपेक्षां, सोसेल तितकें नेहमींचें काम करीत राहिलेले लवकर बरे झाले. दुसरी गोष्ट मनाच्या शिक्षणाची. १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स येथें बौद्ध ध्यान आणि हठयोग यांच्या आधारें सुरू झालेला आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम, आणि विचारांना वळण लावणारी मानसोपचाराची एक पद्धति, या दोहोंची परीक्षा ३४२ रोग्यांवर होऊन २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनीं या दोन्ही गटांतील सुमारें ६० टक्के लोकांची हालचाल लक्षांत येण्याजोगी सुधारली होती. नेहमींच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हें प्रमाण ४४ टक्के होतें. २०२१ सालीं कोलोरॅडो येथून आलेला निष्कर्ष याहून ठळक आहे. ‘तुमच्या पाठीला इजा नाहीं, मेंदूची चुकीची सूचना आहे,’ हें रोग्यास पटवून, निर्भयपणें हालचाल करावयास शिकविलेल्या ५० जणांपैकीं ३३ जण चार आठवड्यांच्या उपचारानंतर वेदनामुक्त किंवा जवळजवळ तसे झाले. हा प्रयोग लहान होता, आणि रोग्यांचें दुखणें सौम्य व मध्यम स्वरूपाचें होतें, हें विसरूं नये. तसेंच, प्रत्येक पाठदुखीच्या मुळाशीं दडपलेला क्रोध असतो, असें कांहीं लेखक सांगतात, त्यालाही पुरेसा पुरावा नाहीं.

येथें एक इशारा देणें कर्तव्य आहे. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, पूर्वीं कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखूं लागलें असेल, किंवा विश्रांतींतही कळ थांबत नसेल, तर मनाचा विचार बाजूस ठेवून आधीं डॉक्टर गांठावा. आपल्या देशांत मणक्याचा क्षय आजही होतो, आणि तो वेळीं ओळखला तर औषधानें बरा होतो. लघवीशौचावरील ताबा सुटणें, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणें, पायांतील बळ जाणें, हीं लक्षणें तर एक दिवसही थांबण्याचीं नव्हत. त्याच घटकेस रुग्णालय गांठलें पाहिजे.

असा कांहीं धोका नाहीं, अशी डॉक्टरानें खात्री दिल्यावर मात्र घरच्या माणसांचें काम सुरू होतें. दुखणेकऱ्यास ‘ढोंग’ म्हणूं नये. तसेंच ‘तुम्ही हलूं नका, आम्ही करतों,’ म्हणून त्याला खाटेवरही बसवूं नये. दोन्हींनीं दुखणें वाढतें. रोज सकाळीं ‘आज किती दुखतें?’ असें विचारण्यापेक्षां ‘आज देवळापर्यंत फिरून यावयाचें का?’ असें विचारावें. पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटें चालणें, पुढच्या आठवड्यांत पंधरा; आज तांब्या उचलणें, पुढें कळशी; अशी पायरीपायरीनें मजल वाढवावी. एखादे दिवशीं दुखलें, तर तें कांहीं मोडल्याचें चिन्ह न समजतां दुसरे दिवशीं पुन्हां तेवढेंच करावें. झोंपेची वेळ संभाळावी. मनावर कांहीं ओझें असेल, तर तें बोलून दाखविण्यास घरांत एक तरी विश्वासाचें माणूस असावें. आणि दुखणेकऱ्यानेंही ‘मनाचा संबंध आहे’ या शब्दांनीं अपमान मानूं नये. मनाचा संबंध आहे म्हणूनच, झिजलेली गादी जशीच्या तशी राहूनही, पाठ बरी होण्याची आशा आहे.