स्मृतीचा छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

संगणकाच्या स्मृतिपट्टीवर (रॅमवर) छापलेला वेग ती बसविताच मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. 'डीडीआर-४ ३२००' म्हणून विकली जाणारी पट्टी आरंभी पुष्कळदा २१३३ किंवा २४०० या प्रमाणित वेगानेच चालते. हे आकडे दर सेकंदास होणाऱ्या दशलक्ष देवघेवींचे होत. घड्याळाची स्पंदने त्यांच्या निम्मी असतात. म्हणून ३२०० च्या पट्टीपुढे १६०० मेगाहर्ट्झ दिसल्यास तो दोष समजू नये.

पट्टीवरील एका लहान चिपमध्ये प्रमाणित मूल्यांबरोबर 'एक्सएमपी' नावाचा जलद संचही नोंदलेला असतो. त्यात विद्युद्दाब १.२ ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट असतो. बायॉसमध्ये हा संच निवडला, की छापील वेग लागू होतो. २१३३ वरून ३२०० वर गेल्यास एका ६४-बिट मार्गिकेची क्षमता सेकंदास सुमारे १७ वरून २५.६ गिगाबाइटपर्यंत वाढते.

परंतु प्रोसेसर वा मदरबोर्ड यांना हा वेग न पेलल्यास एखादा बिट उलटतो. भाषाभ्यासकास ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. युनिकोडमध्ये 'क' आणि 'ग' यांच्या संकेतांत एकाच बिटाचा भेद आहे. ठाणे जिल्ह्याच्या स्थलनामसंग्रहात मुरबाडकडील 'सिद्धगड' याचे अशा वेळी 'सिद्धकड' होऊ शकेल. 'कड' हाही सार्थ शब्द असल्याने चूक खटकणार नाही. व्युत्पत्ती मात्र भलतीच लावली जाईल.

म्हणून संच बदलल्यावर स्मृतिचाचणी काही तास चालवावी आणि एकही चूक आढळल्यास वेग एक पायरी उतरवावा.