रेगेन्सबुर्ग: व्यापार आटला म्हणून वाचलेलं शहर

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, डॅन्यूब नदी उत्तरेकडे जास्तीत जास्त वर सरकून पुन्हा दक्षिणेला वळते, त्या वळणावर रेगेन्सबुर्ग वसलं आहे. जुनं शहर इतकं आटोपशीर आहे, की सकाळी पायी निघालं तर संध्याकाळपर्यंत सावकाश पाहून होतं. मध्ययुगीन घरं, मनोरे आणि गल्ल्या इथे मूळ रूपात टिकल्या, म्हणून २००६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अशा शहरांचं श्रेय आपण चटकन तिथल्या लोकांच्या शिस्तीला आणि वारसाप्रेमाला देऊन मोकळे होतो. रेगेन्सबुर्गचा पुरावा मात्र वेगळं सांगतो. हे शहर जपलं गेलं ते मुख्यतः ऐन वेळी त्याच्याकडचा पैसा आटला म्हणून. प्रेम फार उशिरा आलं.

सुरुवात दगडी पुलापासून करावी. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला, मूळच्या सोळा कमानींचा, तीनशे मीटरहून लांब असा हा पूल म्हणजे शहराच्या श्रीमंतीची किल्ली होती. इथले व्यापारी दक्षिणेला व्हेनिसपर्यंत आणि पूर्वेला कीव्हपर्यंत व्यवहार करत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ११८९ मध्ये धर्मयुद्धाला निघाला तो इथूनच. पूल उतरून गल्ल्यांत शिरलं, की त्या पैशाचं काय झालं ते दिसतं: घराघराला चिकटून उभे असलेले उंच मनोरे. वालेनश्ट्रासवरचा सोनेरी मनोरा सुमारे पन्नास मीटर उंच आहे. या मनोऱ्यांचा संरक्षणाशी संबंध थोडा. शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरणं हाच खरा उपयोग. पुढे न्यूर्नबर्ग आणि आउग्सबुर्ग यांनी व्यापार ओढून नेला. त्यात तेव्हा बव्हेरियाबाहेरचं स्वतंत्र नगर असलेल्या या शहराची भौगोलिक कोंडी अशी, की पुलाच्या पलीकडच्या टोकाचं श्टाटआमहोफ बव्हेरियाच्या सत्तेखाली होतं (ते शहरात सामील झालं थेट १९२४ मध्ये). भोवतालचा मुलूख परका, आणि नवा पैसा नाही. याची सर्वांत ठळक खूण सेंट पीटर कॅथेड्रलवर आहे. तेराव्या शतकात सुरू झालेल्या या चर्चचे दोन्ही मनोरे शतकानुशतकं अर्धवट राहिले. त्यांची टोकं पूर्ण झाली १८६९ मध्ये. हाती पैसा असता, तर व्यापाऱ्यांनी जुने मनोरे पाडून नव्या धाटणीचे वाडे उठवले असते. तसं पाडायला आणि बांधायला त्यांना परवडलंच नाही. इथे पूर्वी असलेल्या रोमन छावणीचा दरवाजाही असाच वाचला: बिशपच्या वाड्याच्या भिंतीत तो चिणला गेला होता आणि १८८५ मध्ये पुन्हा उजेडात आला.

यावर कुणी म्हणेल, जिथे पवित्र रोमन साम्राज्याची कायमस्वरूपी सभा १६६३ पासून १८०६ पर्यंत भरत होती, ते शहर दरिद्री कसं? जुन्या नगरभवनातलं तिचं लाकडी छताचं दालन आजही पाहता येतं. प्रश्न रास्त आहे. पण सभेने प्रतिष्ठा आणली, वकिलाती आणल्या, घरभाडी आणली. पूर्वीचा व्यापार काही परत आणला नाही. पाहुण्यांची सोय बऱ्याच अंशी असलेल्या घरांतच झाली. (साम्राज्याच्या तिजोरीवर फार भिस्त ठेवू नये, हे खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला आधीच कळलं होतं. सम्राटाकडची आपली थकबाकी मागायला तो १६३० मध्ये इथे आला आणि इथेच वारला. त्याच्या निधनाच्या घरात आता संग्रहालय आहे.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ओहोटीला असं गोंडस रूप द्यावं का? देऊ नये. नॉयफारप्लात्स या चौकात दुपारी थोडं थांबावं. उतरणीला लागलेल्या शहराने १५१९ मध्ये, सम्राट माक्सिमिलिआन वारल्याची संधी साधून, आपल्या ज्यू रहिवाशांना हाकलून दिलं आणि त्यांचं सिनेगॉग पाडलं. पाडण्यापूर्वी त्याचं चित्र कोरून ठेवणारा आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर हा थोर चित्रकार स्वतः नगरपरिषदेत होता. दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराने २००५ मध्ये सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या ठोकळ्यांतून जमिनीवर उभा केला आहे. लोक त्यावर निवांत बसतात. तेव्हा या शहरात सगळंच वाचलं असं म्हणणं खोटं ठरेल. गरिबीने दगड राखले, शेजारी राखले नाहीत.

आणि विसाव्या शतकात एकटी गरिबी पुरेशीही नव्हती. १९४३ मध्ये इथल्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर बॉम्ब पडले, जुनं शहर मात्र बऱ्यापैकी बचावलं. हा नशिबाचा भाग. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने दगडी पुलाचा काही भाग उडवला. शहर न लढता स्वाधीन करा, अशी विनवणी करणारे कॅथेड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर यांना फाशी दिलं गेलं. युद्धानंतर पैसा परतला, तेव्हा जपणूक प्रथमच खऱ्या अर्थाने निवडीची गोष्ट झाली. पुलावर मोटारींना १९९७ पासून बंदी आहे, २००८ पासून बसही जात नाहीत, आणि २०१० मध्ये हाती घेतलेली दुरुस्ती २०१८ पर्यंत चालली. पुलाजवळच्या सॉसेजच्या जुन्या खानावळीत कोळशावर भाजलेले सॉसेज आंबवलेल्या कोबीबरोबर मिळतात. तिच्या भिंतीवर डॅन्यूबच्या पुरांच्या खुणा वर्षांसह नोंदलेल्या आहेत.