ट्रक काट्यावर चढतो, पण वजन नेमकं मोजतं कोण?

ऊस असो, कांदा असो की भंगार. गाडी वजनकाट्यावर चढली की केबिनमध्ये एक आकडा दिसतो आणि त्याच आकड्यावर पैसे ठरतात. हा आकडा येतो कुठून?

प्लॅटफॉर्मखाली 'लोड सेल' बसवलेले असतात. हे पोलादी ठोकळे, त्यांवर 'स्ट्रेन गेज' नावाच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या. वजन पडलं की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं दबतं आणि पट्टीचा विद्युतरोध बदलतो. १० व्होल्ट दिले तरी पूर्ण भाराला मिळणारा सिग्नल साधारण २० ते ३० मिलिव्होल्टच असतो! म्हणूनच जंक्शन बॉक्समध्ये शिरलेलं पाणी किंवा उंदराने कुरतडलेली वायरसुद्धा आकडा बिघडवते. प्लॅटफॉर्मखाली दगड अडकला, तर काही भार सेलवर न येता दगडावर जातो आणि वजन कमी दिसतं.

मोठा धोका वेल्डिंगचा. काट्यावर वेल्डिंग करताना अर्थिंग चुकीच्या जागी लावलं, तर करंट सेलमधून जातो आणि सेल कायमचा निकामी होऊ शकतो.

कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाणित वजनं ठेवून आकडा जुळवणं. ती प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून पाहतात, कारण एखादाच सेल बिघडला असेल तर फरक तिथे कळतो. शिवाय वैधमापन कायद्यानुसार दर १२ महिन्यांनी काट्याची फेरपडताळणी करून घ्यावी लागते.

माल घेऊन जाताना दोन गोष्टी बघा: गाडी चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे का, आणि पडताळणी प्रमाणपत्राची मुदत संपली तर नाही ना?