रात्री बाळ जागतं, तेव्हा

झोपेत बाळ हसलं की घरातली वडीलधारी बाई म्हणते, सटवाई हसवतेय. डोळे मिटलेले असतात, पण पापण्यांखाली बुबुळं सरकत असतात. ओठ दूध चोखल्यासारखे हलतात, मध्येच कपाळाला आठी पडते, हाताची बोटं पसरतात आणि मिटतात, घशातून कण्हल्यासारखा आवाज येतो. नवी आई या आवाजानं दचकते आणि बाळ उठलं असं समजून त्याला उचलून घेते. ते उठलेलं नसतं. उचलल्यावर मात्र खरंच उठतं.

झोपेत डोळे असे भराभर हलण्याचे ठरावीक टप्पे असतात, हे शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. पुढे दोघांनी तान्ह्या बाळांच्या झोपेतली हालचालही नोंदवली. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाव भाग असा चळवळा असतो, तान्ह्या बाळाचा जवळजवळ निम्मा. शिवाय आपलं झोपेचं एक चक्र दीड तासाचं, तर बाळाचं पन्नास-साठ मिनिटांचं. दोन चक्रांच्या सांध्यावर सगळ्यांनाच किंचित जाग येते. आपण कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो, सकाळी आठवतही नाही. बाळाला कूस बदलता येत नाही, पोटही एवढंसं असतं, म्हणून ते हाक मारतं. तेव्हा कण्हण्याचा आवाज आला की आधी अर्धा-एक मिनिट नुसतं पाहावं. पुष्कळदा ते आपलं आपण पुढच्या झोपेत शिरतं.

रात्र म्हणजे काय हेही बाळाला जन्मतः ठाऊक नसतं. पोटात असताना आईच्या शरीरातलं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक त्याला मिळतं. जन्मानंतर स्वतःचं मेलाटोनिन रात्रीच्या तालावर तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून ते थोडं मिळत राहतं. या काळात घरानं करायचं ते एवढंच : सकाळी खिडक्या उघडून उजेड द्यायचा, दिवसा घरातले आवाज चालू ठेवायचे, आणि रात्री दूध पाजताना, लंगोट बदलताना मोठा दिवा लावायचा नाही, बाळाशी गप्पा मारायच्या नाहीत. मोबाइलची टॉर्च तर नकोच.

‘रात्रभर झोपतं ना?’ हा प्रश्न बारशापासून सुरू होतो आणि आईला तो परीक्षेच्या निकालासारखा लागतो. पहिल्या वर्षात रात्री उठणं हे बिघाडाचं लक्षण नाही. मग बाळानं सलग झोपावं ही निकड कुणाची, असं मला विचारावंसं वाटतं, कारण या निकडीचा एक इतिहास मुंबईतच आहे.

गिरणगावात कामाला जाणाऱ्या बायका बाळाला ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. पाळी संपेपर्यंत बाळ निपचित पडून राही, रडत नसे आणि दूधही मागत नसे. कामगारांच्या स्थितीविषयीच्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात या प्रथेची नोंद आहे आणि गिरण्यांत पाळणाघरं काढण्याची शिफारसही आहे. त्या बायकांना दोष देणं सोपं आहे. पण पदरचं मूल कुणाजवळ ठेवायचं, याचं दुसरं उत्तर त्यांना कुणी दिलेलंच नव्हतं.

अफू गेली, तरी बाळाला औषधानं झोपवण्याची सवय पुरती गेलेली नाही. गुटीत जायफळाचे वेढे वाढवले जातात. प्रवासाला निघताना ‘झोपेल शांत’ म्हणून सर्दीचं सिरप पाजलं जातं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असलेलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला, तरी अर्धी उरलेली बाटली फ्रिजच्या दारात असतेच. औषधानं आलेली गुंगी आणि झोप यांत फरक आहे, आणि तान्ह्या जिवाचा श्वास त्या गुंगीत मंदावू शकतो.

झोपेची गरज किती, याचा जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेला अंदाज असा : पहिले तीन महिने १४ ते १७ तास, वर्षाच्या आत १२ ते १६, पुढची दोन वर्षं ११ ते १४. यात दिवसाच्या डुलक्याही आल्या. आपल्याकडे अडतं ते झोपायच्या वेळेपाशी. १७ देशांतल्या २९ हजारांहून अधिक बाळांची २०१० मध्ये तुलना झाली, तेव्हा न्यूझीलंडमधली बाळं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहानंतर. आपली बहुतेक शहरी घरं दुसऱ्या टोकाला आहेत. बाबा साडेनऊला येतात, त्यांना बाळ भेटावं म्हणून त्याला जागवलं जातं, समोर मालिका चालू असते. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर चुकवणं यांतून कळणारी झोपेची वेळ साडेआठलाच येऊन गेलेली असते. ती टळली की दमलेलं बाळ अधिकच चेकाळतं. बाबांनी बाळाची भेट सकाळवर न्यावी. तेल-अंघोळ त्यांनी करावी. आईला तेवढा तास झोप मिळते, आणि तो तास फार मोलाचा असतो.

मांडीवर झोपलेलं बाळ खाली ठेवताच का उठतं, याचाही शोध झाला आहे. जपानच्या रायकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चालावं, झोप लागली की घेऊन पाच ते आठ मिनिटं बसावं, मगच ठेवावं. पाठ अंथरुणाला टेकण्याआधी, आईच्या अंगापासून पोट सुटतं त्या क्षणीच ठोके वाढू लागतात. ‘डोळा लागू दे, लगेच ठेवू नकोस’ असं आज्या म्हणत आल्या, ते बरोबरच होतं.

ठेवताना बाळ उताणंच हवं. अमेरिकेत १९९० च्या दशकात हा सल्ला घरोघर पोचवल्यावर झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, कडेला लोड, वर गोधडी हे सगळं पहिल्या वर्षात दूर ठेवावं. आपल्या हवेत झोपेत टोपडंही नको, कारण बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळीत झोपलं तरी नजर हवी आणि डोळा लागल्यावर सपाट जागी हलवायला हवं. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी तर थांबायलाच हवी.

बाळाला थोडं थोडं रडू देऊन झोपायला शिकवण्याची पद्धत रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकानं गाजली. आता ती रीलमधून पुण्या-नाशिकच्या बेडरूममध्ये पोचली आहे. सहा महिन्यांनंतर सौम्यपणे वापरलेल्या अशा पद्धतींनी बाळाचं नुकसान होत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं. कायमचा फायदाही दिसला नाही. जिला जमेल तिनं करावं. जिला बाळ कुशीत हवं, तिनं एकाच खोलीत, शेजारी पण वेगळ्या अंथरुणावर घ्यावं आणि कुणाची माफी मागू नये.

नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथं पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आली. पहाटे उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईपर्यंत यातलं काही पोचत नाही. तिचं बाळ बांधाला झोळीत असतं, सांभाळायला जेमतेम मोठी बहीण. तळावर छप्पर, पाणी आणि एक पगारी बाई एवढं प्रत्येक साखर कारखान्यानं हंगामापुरतं तरी द्यायला हवं. गिरण्यांसाठी ही मागणी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी लिहून झालेली आहे.