बुडूनही तरंगणारी होडी

होडी पाण्याने भरली म्हणजे बुडालीच, असे आपण धरून चालतो. जुन्या लाकडी होडीचे तसे नव्हते. बहुतेक लाकूड पाण्याहून हलके. म्हणून होडी भरली तरी अर्धीमुर्धी वर राही आणि माणसाला धरायला काही तरी असे. आता आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. फायबर पाण्याहून सुमारे दीडपट जड, त्यात मागे इंजिनाचे ओझे. आत काही तरंगते भरलेले नसेल, तर अशी होडी थेट तळ गाठते.

14 मार्च 2020 रोजी मांडव्याजवळ ‘अजंठा’ ही प्रवासी बोट बुडू लागली. पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती, म्हणून 88 प्रवासी वाचले. पहाटे दोघेचौघे मासेमारीला जातात, त्यांच्याजवळ कोण असते? मदत येईपर्यंत होडीच वर राहिली पाहिजे. त्यासाठी फोम.

पण कोणता? गादीचा फोम पाणी पितो, तो कामाचा नाही. ज्याचे आतले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, तोच घ्यावा. थर्मोकोल स्वस्त खरा, पण पेट्रोल सांडले की विरघळतो. पॉलिथिलीनच्या लाद्या बऱ्या. दोन द्रव मिसळून फुगणारा पॉलियुरेथेन कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. मात्र एकदम ओतला तर तापतो, फळ्याही फाकवतो, आणि वर्षानुवर्षे ओलीत राहिला तर पाणी धरतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तुकडा तोलून आठवडाभर दगडाखाली पाण्यात दाबून ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन वाढले तर तो माल नको.

किती लागेल? एक उदाहरण घेऊ. 200 किलोची फायबरची होडी पाण्याखाली 65 किलोच भरते. 50 किलोच्या इंजिनाचे 40 धरा. काठ धरून पाण्यात राहिलेल्या चौघांचे माणशी 25 प्रमाणे 100. झाले साधारण 200 किलो. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो भार उचलतो. म्हणजे 200 लिटर, वर चौथाई जास्त धरून 250. पंधरा किलो तेलाचे पंधरा-सोळा डबे रचून पाहा, म्हणजे एखादी लादी बाकाखाली सारून का भागत नाही ते कळेल!

आता जागा. गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. स्टीलच्या वाटीच्या बुडाला बाहेरून थर्मोकोल चिकटवा, वाटी पाण्याने भरून बादलीत सोडा. ती उलटू पाहील. तोच थर्मोकोल दोन्ही बाजूंना काठाशी लावा. वाटी भरूनही सरळ राहील. होडीचेही तेच. फोम दोन्ही अंगांना काठाखाली समान हवा, इंजिनाच्या बाजूला थोडा अधिक. तो वर उसळतो, म्हणून नुसता ठेवून चालत नाही. आडव्या पट्ट्यांनी जखडावा. खाली पाणी वाहायला फट ठेवावी. लाकडी होडीत तर फळीला चिकटवूच नये, ओल धरून फळी कुजते. वरून झाकण हवे, कारण उन्हाने फोमचा भुगा होतो. आणि विस्तवापासून लांब. त्याचा धूर विषारी.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. हे काम तेव्हाच उरकावे. मग उघडीप पाहून खाडीत कमरेइतक्या शांत पाण्यात होडी न्यावी. इंजिन उतरवून त्या जागी तितक्याच वजनाचे लोखंड बांधावे आणि होडी मुद्दाम काठोकाठ भरावी. एक बाजू खाली गेली, तर त्या बाजूला फोम कमी पडला आहे.